सहाव्या पिढीत निघालेली गुलाबी तंबाटी

२०२३ चा फेब्रुवारी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात आईची साराची तयारी चालली होती. उकळत्या पाण्यातून काढलेले टोमॅटो सोलता सोलता ती मध्येच थांबली. "हे बघ गं, ह्याची साल कांद्याच्या पापुद्र्यागत दिसतीया. बाकीच्यांची पिवळी हाय की."

दोन्ही साली मी खिडकीसमोर धरल्या. एक हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी पिवळसर, दुसरी पार काचेसारखी. दोन्ही फळं एकाच वाणाची, एकाच आईरोपाच्या बियांपासून आलेली. हा वाण मी संकरापासून चार वर्षं सांभाळला होता. आणि चारच महिन्यांपूर्वी, 'आता स्थिर झाला' असं सांगून, त्याचं बी अकरा घरांत वाटलं होतं.

पुढच्या पंधरवड्यात फोन यायला लागले. कसबा बावड्यातल्या एका ताईंकडे पाचांपैकी दोन रोपांची फळं गुलाबी. नागाळा पार्कातल्या एका सरांकडे एक रोप गुडघ्याशी थांबायचं सोडून त्यांच्या डोक्याच्या वर गेलं होतं, आणि त्याला लिंबाहून लहान फळांचे घोस लागले होते. गच्चीवर स्वतः वाण तयार करणाऱ्या अनेकांची समजूत माझ्यासारखीच असते: सहा पिढ्या झाल्या की काम झालं. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून मांडते.

मुळात हवं काय होतं

बाजारात येणारा टोमॅटो बहुतेक संकरित असतो. जाड सालीचा, घट्ट, क्रेटमध्ये भरून दोन दिवसांच्या प्रवासातही न फुटणारा. शेतकऱ्याला तो परवडतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचं सार करायचं तर चिंच किंवा कोकम घालावं लागतं. गारगोटीजवळ माझ्या आजोळी परसात एक गावठी टोमॅटो पिढ्यान्पिढ्या आहे. आजी त्याला तंबाटी म्हणायची. चपटी, खाचा पडलेली, पातळ सालीची, चांगली आंबट. त्याच्या साराला वरून काही लागत नाही. उलट नारळाचं दूध घालताना आच मंद करावी लागते, नाहीतर दूध फाटतं. अडचण त्याच्या वाढीची. तो सात-आठ फूट चढतो. गच्चीवरच्या बारा इंची कुंडीत, जुलैतल्या कोल्हापूरच्या वाऱ्यापावसात तो बांबूसकट आडवा होतो. तीन वर्षं मी तो लावून पाहिला आणि तीनही वर्षं फळांपेक्षा सुतळीच जास्त खर्च झाली.

'बुटका' हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. दुकानात मिळणारा झुडपी टोमॅटो वेगळा: फुलांचे ठरावीक घोस आले की त्याचा शेंडा थांबतो आणि फळं साधारण एकदमच पिकतात. खरा बुटका टोमॅटो शेवटपर्यंत वाढत राहतो, पण फार सावकाश. खोड अंगठ्याएवढं जाड, पेरं आखूड, पानं गर्द हिरवी आणि सुरकुतलेली. तीन-चार फुटांपर्यंत जातो आणि महिनोन्महिने थोडी थोडी फळं देतो. घरच्या कुंडीला दुसरं काय हवं?

या बुटक्या जनुकाचा घरगुती बागेसाठी सगळ्यांत मोठा उपयोग 'ड्वार्फ टोमॅटो प्रोजेक्ट'ने केला. अमेरिकेतले क्रेग लहूलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नस्के स्मॉल यांनी २००५ च्या सुमारास तो सुरू केला. दोन गोलार्धांतले ऋतू उलटे असल्याने त्यांना वर्षाला दोन पिढ्या घेता आल्या, आणि सगळी निवड हौशी बागकाम करणाऱ्यांनी आपापल्या परसात केली. त्या कामातून निघालेल्या एका गुलाबी, गोडसर, बुटक्या वाणाचं बी बंगळूरच्या एका मैत्रिणीने मला दिलं. आंबट-तांबड्या तंबाटीला ते कुंडीत बसवू शकेल असं वाटलं.

संकर

डिसेंबर २०१८. आईरोप म्हणून मी बुटका घेतला, आणि हा निर्णय मी आजही योग्य मानते. बुटकेपणा अप्रभावी आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. बुटक्या आईच्या फळातलं बी पेरलं आणि रोप उंच निघालं तर बापाचा पराग लागला हे नक्की. रोप बुटकं निघालं तर फूल स्वतःच्याच परागाने फळलं. संकर साधला की नाही, हे पाच-सहा आठवड्यांच्या रोपावरच कळतं.

संध्याकाळी, उद्या उमलेल अशी कळी निवडायची. पाकळ्यांचा हिरवट रंग जाऊन पिवळा डोकावायला लागलेली, पण अजून मिटलेली. चिमट्याने पुंकेसरांची पिवळी नळी कुक्षीला, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाला, धक्का न लावता सोलून काढायची. सकाळी दहाच्या सुमारास गावठीचं उमललेलं फूल मोबाईलच्या काळ्या काचेवर झटकलं की पराग पिठासारखा दिसतो. त्यात कुक्षी बुडवायची. ओळखीसाठी मी फुलामागची दोन हिरवी दलं कात्रीने कापते. फळ पिकलं तरी ती कापलेलीच राहतात, दोरा सुटला तरी खूण जात नाही. नऊ कळ्यांपैकी दोन धरल्या. फेब्रुवारीत त्यांचं बी हाती आलं.

मामांकडे मी परवानगीसारखं काही विचारायला गेले, तर ते म्हणाले, "बी घेऊन जा की. त्यात काय इचारायचं?" गावठी वाण आजवर टिकले ते अशाच माणसांमुळे.

पिढ्यांची वही

पहिली पिढी जून २०१९ मध्ये लावली. तीनही रोपं उंच, तांबड्या फळांची. ऑगस्टमध्ये महापूर आला. राजारामपुरी उंचावर असल्याने घर वाचलं, पण बारा दिवसांच्या संततधारेत दोन रोपं करप्याने गेली. उरलेल्या एकाने ऑक्टोबरमध्ये पुरेसं बी दिलं. पहिल्या पिढीची सगळी रोपं जवळपास सारखीच असतात, त्यामुळे एका रोपावर भागतं.

दुसरी पिढी हा या कामातला सोहळा. आईबापांचे गुण इथे विस्कटून नव्याने जुळतात आणि कुठलीही दोन रोपं सारखी येत नाहीत. इथेच जागा कमी पडते. पण बुटकेपणा रोपात दिसतो, म्हणून मला जागेची गरजच पडली नाही: ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये बी टाकलं, ९१ उगवली, त्यांत २२ बुटकी. चारांत एक, हिशेबाप्रमाणे. उंच रोपं ओळखीच्यांना देऊन टाकली आणि २२ मधली १८ कुंड्यांत लावली. ज्याच्याकडे गच्चीएवढीच जमीन आहे त्याने ट्रेमध्येच दिसणारा एखादा अप्रभावी गुण संकरात जरूर धरावा. शंभर रोपांची निवड दीड फुटाच्या तुकड्यावर होते.

त्या १८ मधून १४ नंबरचं रोप निवडलं. तांबडी, किंचित खाचांची, ऐंशी ग्रॅमच्या आसपासची फळं आणि आजोळची आठवण करून देणारी आंबट चव. माझा चुलतभाऊ वडणग्याला ऊस करतो. ऊस तोडणीला आला का हे बघायला त्याच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे. पक्व उसाच्या रसाला त्यावर अठरा-वीसच्या पुढे ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, दिसतो. टोमॅटो चार ते सहामध्ये असतात. १४ नंबर पाचाच्या थोडा वर होता. पण ब्रिक्स आंबटपणा सांगत नाही. तिथे आईची जीभ आणि साराचं पातेलं हीच माझी प्रयोगशाळा.

आई प्रत्येक वेळी सांगायची, सगळ्यांत मोठ्या फळाचं बी ठेव. कुठल्याही घरात असंच सांगतील. पण एकाच रोपावरचं मोठं फळ आणि लहान फळ यांच्या बियांचा वारसा एकच असतो. निवड रोपाची करायची असते, फळाची नाही.

पुढच्या नोंदी वहीत आहेत तशाच देते. १४-२ म्हणजे १४ नंबरचं दुसरं लेकरू. तिसरी पिढी, ऑगस्ट २०२०: पाच रोपं. '१४-२: फळं तडकतात, बाद. रंगही फिका, पिकायचं राहिलं?' निवड १४-३. चौथी, जानेवारी २०२१: चार रोपं, सगळी तांबडी. मार्चच्या उन्हात फळधारणा कमी. निवड १४-३-१. त्या जुलैत पुन्हा पूर. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकली, भावाचं वडणग्यातलं रान पाण्याखाली गेलं. माझं बी घरात पत्र्याच्या डब्यात होतं, म्हणून वाचलं. पाचवी, सप्टेंबर २०२१: चार रोपं. एक टॉस्पो या विषाणूच्या रोगाने उपटावं लागलं, तीन फळली, तिन्ही तांबडी. निवड १४-३-१-२. त्या एकाच रोपाच्या सात फळांचं बी मी एकत्र केलं. दोन दिवस पाण्यात आंबवलं, वरची बुळबुळ सुटल्यावर धुतलं, सावलीत वाळवलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अकरा पुड्या बांधल्या.

चुकलं कुठे

गुलाबी टोमॅटो आतून वेगळा नसतो. गर तसाच तांबडा असतो. साल पिवळी असेल तर तांबड्या गरावर ती शेंदरी-तांबडी छटा देते. साल पारदर्शक असेल तर तोच गर गुलाबी दिसतो. पिवळी साल प्रभावी, पारदर्शक अप्रभावी. म्हणजे तांबडी दिसणारी रोपं दोन तऱ्हेची: दोन्ही जनुकं पिवळीची असलेली पक्की, आणि एक पिवळीचं, एक पारदर्शकचं असलेली मिश्र. बाहेरून ती अगदी सारखीच दिसतात. मिश्र रोपाच्या बियांतून चारांत एक गुलाबी येतं.

फोन आल्यावर मी सगळ्या घरांतून मोजून आकडे घेतले. ५२ रोपं लावली गेली होती. फळापर्यंत पोचली ३८. त्यांतली तीन उंच. राहिलेल्या ३५ बुटक्यांत गुलाबी ९. पस्तिसाचा चौथा भाग पावणेनऊ. याहून स्पष्ट उत्तर मिळणं अवघड. भेसळ असती तर गुलाबी एखाद्याच पुडीत सापडले असते. इथे ते सहा घरांत विखुरलेले होते. १४-३-१-२ हे रोप सालीच्या बाबतीत मिश्र होतं. ते मिश्र होतं म्हणजे त्याची आई, आजी, पणजी सगळ्या मिश्रच असणार, कारण टोमॅटो स्वतःच्या परागाने फळतो आणि गेलेलं जनुक आपोआप परत येत नाही. गुलाबी रंग सहाव्या पिढीत आला नव्हता, दुसऱ्या पिढीपासून तो आमच्या सोबतच चालत होता.

तेव्हा मी वही उघडली आणि 'पिकायचं राहिलं?' वर माझी नजर थांबली. तिसऱ्या पिढीतलं ते १४-२ गुलाबी होतं. खारी आणि बुलबुल फळं टोचतात म्हणून त्या हंगामात मी फळं रंग धरतानाच तोडून घरात पिकवत होते, आणि फिका रंग मी त्यावर ढकलला. साल सोलून उजेडात धरायला अर्धं मिनिट लागलं असतं. तडकण्यासाठी मी ते रोप बाद केलं आणि त्याने दिलेली माहितीही त्याच्यासोबत गेली. बाद केलेलं रोप आपल्याला त्याच्या भावंडांबद्दल सांगत असतं, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

पिढीगणिक मिश्र जनुकं निम्मी होतात हे खरं आहे. दुसऱ्या पिढीत निम्मी, तिसऱ्यात पाव, सहाव्यात तीन टक्क्यांच्या आसपास. हा आकडा ऐकून मी निर्धास्त झाले होते. पण तो सगळ्या जनुकांचा, असंख्य रोपांचा सरासरी आकडा आहे. माझ्या हातातल्या एका रोपातलं एक जनुक तीन टक्के मिश्र नसतं. ते असतं किंवा नसतं. ते शोधायला पिढ्या मोजून भागत नाही, एका आईची लेकरं किती तपासली ते मोजावं लागतं. मिश्र रोपाची चार लेकरं लावली आणि चारही तांबडी निघाली, असं शंभरात बत्तीस वेळा होतं. तीन लावली तर बेचाळीस वेळा. चौथ्या आणि पाचव्या पिढीत मला फसवणारा योग लागोपाठ येण्याची शक्यता शंभरात तेरा. माझ्या बाबतीत नेमकं तेच घडलं. चाराऐवजी अकरा लावली असती तर फसण्याची शक्यता शंभरात चारावर आली असती. अकरा रोपं हा आकडा मी आता गच्चीच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे.

नव्या वाणाच्या नोंदणीसाठी आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात चार कसोट्या आहेत: नावीन्य, वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता. माझा वाण वेगळा नक्कीच होता. तीन रोपं एकसारखी दिसली म्हणून मी त्याला स्थिरही म्हणून टाकलं. एका हंगामात रोपं सारखी दिसणं आणि पुढच्या पिढीतही तशीच उतरणं या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मोजल्या आहेत, त्या उगाच नव्हे.

तीन उंच रोपं

हे दुखणं वेगळं होतं. बुटकेपणा अप्रभावी, त्यामुळे बुटक्या रोपात उंचीचं जनुक लपून राहूच शकत नाही. म्हणजे ही तीन रोपं लपलेलं जनुक सुटं होऊन आलेली नव्हेत. एकतर दुसऱ्या टोमॅटोचं बी मिसळलं असणार, नाहीतर माझ्या फुलाला बाहेरचा पराग लागला असणार. दोन्हींतला फरक तपासता येतो. नागाळा पार्कच्या सरांकडून त्या उंच रोपाचं एक फळ आणलं आणि बी पेरलं. २४ रोपांत ७ बुटकी. चुकून मिसळलेल्या परक्या उंच टोमॅटोतून बुटकी आली नसती. ते माझ्याच रोपाचं संकरित लेकरू होतं. बाप बहुधा शेजारच्या गच्चीवरचा चेरी टोमॅटो, फळांच्या आकारावरून.

टोमॅटो स्वतःच फळतो मग हे कसं झालं? त्याचा पराग पुंकेसरांच्या नळीत आत असतो आणि कंपनाने बाहेर पडतो. साधी मधमाशी त्याच्या फारशी वाटेला जात नाही. पण निळ्या पट्ट्यांची एकांडी मधमाशी आणि मोठा काळा भुंगा फुलाला लटकून गुणगुणतात, आणि पराग त्यांच्या अंगावर झडतो. कुक्षी नळीच्या आत असेल तर परक्या परागाला वाव नसतो. माझ्या गावठीची कुक्षी मात्र नळीच्या जरा बाहेर डोकावते, तो गुण या ओळीत उतरला होता, आणि उष्णता वाढली की ती आणखी लांबते. मी बी धरलं त्या सात फळांतली शेवटची दोन फेब्रुवारीतल्या फुलांची होती.

उपाय सोपा निघाला. लग्नात बदाम-खडीसाखर घालून देतात त्या जाळीच्या पिशव्या मी नातेवाइकांकडून गोळा केल्या. फुलं उमलण्याआधी घोसाला पिशवी, रोज सकाळी बोटाने टिचकी, आणि फळ वाटाण्याएवढं झालं की पिशवी काढून देठाला लाल दोरा. बी फक्त दोऱ्याच्या फळांचं.

आमच्या गल्लीतल्या काकूंनी फोन केला तो निराळ्याच कारणासाठी. "तुझी दोन रोपं बोकडली होती गं, मी उपटून टाकली. बाकीच्यांना लागायला नको." बुटक्याची सुरकुतलेली गर्द पानं त्यांना पर्णगुच्छ रोगासारखी वाटली. चूक त्यांची नाही. पुडीवर पानाबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. रोगट पान पिवळं पडतं, आखडतं, शेंडा खुरटतो. बुटक्याचं पान काळपट हिरवं आणि जाड राहतं.

दुरुस्ती

काही जणांनी सुचवलं की पुन्हा दुसऱ्या पिढीपासून सुरुवात कर. मला ते पटलं नाही. चव, उंची, फळाचा आकार हे सगळं चांगलं जमलं होतं. अडत होतं एका जनुकावर. सहाव्या पिढीतल्या तांबड्या रोपांत तीनांत एक तरी पक्कं असणार, ते शोधून काढायचं एवढंच काम.

चवीला चांगली अशी सहा तांबडी रोपं निवडली, चार माझ्याकडची आणि दोन बावड्याच्या ताईंची. प्रत्येकीचं बी वेगळं ठेवलं. आधी सात फळांचं बी एकत्र करून मी जी चूक केली होती, ती इथे टाळली. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रत्येकीची चौदा रोपं ट्रेमध्ये तयार केली. या फुलांना पिशव्या नव्हत्या, म्हणून ट्रेमध्ये उंच दिसलेलं रोप लगेच काढलं. एकूण दोन निघाली. परका बाप उंच असेल तर बुटका वाण भेसळ स्वतःच दाखवून देतो.

प्रत्येकीची बारा लावायची होती, आणि अशी बहात्तर रोपं गच्चीवर मावणार नव्हती. वडणग्याच्या दादाने उसाच्या कडेचे चार सरे दिले, वर शेणखत टाकून दिलं, आणि "तुझ्या बुटक्यांना मी पाणी देतो, वही तू सांभाळ" म्हणाला. सहा कुळं: अ, ब, क, ड, इ, फ. जानेवारीच्या शेवटी मी आणि आई पातेलं, शेगडी घेऊन रानात गेलो आणि प्रत्येक रोपाचं एक फळ उकळत्या पाण्यात बुडवून तिथेच सोललं. एकाहत्तर साली उजेडात धरल्या. इ कुळातलं एक रोप आधीच मेलं होतं. अ मध्ये तीन पारदर्शक, क मध्ये चार, ड मध्ये दोन, फ मध्ये तीन. ब मध्ये बारापैकी एकही नाही. इ मध्ये अकरापैकी एकही नाही.

ब ची चव पांचट निघाली. सार केलं तेव्हा आईने एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली. इ मात्र हवा तसा होता. त्यातल्या चार नंबरच्या रोपाचं, दोऱ्याच्या फळांचं बी ठेवलं आणि २०२४ च्या थंडीत सोळा रोपं लावली. सोळाही बुटकी, सोळाही पिवळ्या सालीची. आंबटपणा मात्र अजून एकसारखा नाही. चव एका जनुकाची नसते, पुष्कळ जनुकं आणि कुंडीतली माती, ऊन, पाणी मिळून ती ठरवतात. दोन रोपं इतरांपेक्षा गोडसर होती आणि ती कुंडी बदलूनही तशीच राहतात का हे मला पाहायचं आहे.

गुलाबी रोपांचं काय करायचं हा प्रश्न आईने सोडवला. कोशिंबिरीला तिला तेच आवडले, साल पातळ आणि चव मऊ. गुलाबी रंग अप्रभावी, त्यामुळे तो दिसला त्याच क्षणी सालीपुरता पक्का झालेला असतो. ज्या गुणासाठी तांबड्याच्या बाबतीत मला आणखी दोन हंगाम घालवावे लागले, तो इथे आयताच हाती होता. बावड्याच्या ताई ती ओळ आता स्वतः पुढे नेत आहेत. बियांची पुडी वेगळी, वही वेगळी.

अकराही घरांना मी पहिल्या पुड्यांबद्दल लिहून कळवलं: यातून चारांत एक गुलाबी येईल, क्वचित एखादं उंच, बी पुढे धरू नका. या वर्षी पाच घरांनाच पुडी दिली आहे. वर लिहिलं आहे: 'इ-४, आठव्या पिढीचं बी. सातव्या पिढीत ११ आणि आठव्यात १६ रोपं तपासली, साल पिवळी. पान सुरकुतलेलं असतं, तो रोग नाही. चव अजून पक्की नाही. किमान सहा रोपं लावा, प्रत्येकाचं एक फळ सोलून बघा आणि आकडा कळवा, शून्य असला तरी.'